नकाराचा हक्क

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या मुलखात वारली आदिवासींच्या घरी लग्न निघाले, की कुडाच्या भिंतीवर आधी गेरूचा हात फिरतो, आणि मग सवाशिणी तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोकाशी चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, पालघाट देवीचा चौक लिहावयास बसतात. चौकटीच्या आत चौकट भरत जाते, मध्यभागी देवी साकार होते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौक लिहिला गेल्यावाचून लग्न लागत नाही. हे चित्र म्हणजे देवतेला केलेले पाचारण होय.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या मर्मज्ञ चित्रकाराने या पाड्यांवर कागद नेला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर आपले रान, कोळ्याचे जाळे व तारपा या वाद्याभोवती फिरणारे रिंगण अशा सामर्थ्याने उतरविले, की त्यांची कीर्ती परदेशी पोचली व २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रसिद्धीने वारल्यांचे हितही झाले आहे, हे मान्य करूनच पुढील विवेचन करावयाचे आहे. आज तीच चित्रलिपी साड्यांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि सणासुदीच्या जाहिरातींत दिसते. पण ती ज्याच्या हातची, त्याचे नाव मात्र बहुधा कोठेच आढळत नाही.

कायद्याने काही तजवीज केली आहे. २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. परंतु ही नोंद मुख्यतः नावाचे रक्षण करते, आणि जो व्यापारी ‘वारली’ हा शब्द टाळून त्याच त्रिकोणी आकृत्या कापडावर छापतो, त्याच्यापर्यंत तिचा हात सहसा पोचत नाही. कृतिस्वामित्वाचा कायदा एक निश्चित कर्ता मागतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सामुदायिक वहिवाटीला त्या दफ्तरात रकानाच नाही. जे कायद्याला साधत नाही, ते अखेर घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या इमानावर येऊन पडते.

कलावंताचे नाव छापावे आणि योग्य मोबदला द्यावा, हे तर निर्विवादच आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक हक्क आहे, आणि तो नकाराचा. तारप्याचे रिंगण पिशवीवर उमटले तर ज्याला आनंद वाटेल, त्यालाच देवीचा चौक पायपुसण्यावर पाहून मर्मांतिक वेदना होतील. कोणते चित्र बाजारात न्यावे आणि कोणते घरच्या भिंतीवरच राहू द्यावे, हे ठरविण्याची मुखत्यारी ज्यांची देवता त्यांचीच असली पाहिजे. ज्या करारात ‘नाही’ म्हणावयास जागाच नसते, त्यात दाम कितीही चोख असला तरी संमती नसते. म्हणून छापण्यापूर्वी चित्र व मजकूर पाड्यावर नेऊन, तेथील लोकांना समजेल अशा बोलीत वाचून दाखवावा. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनाही विचारावे, कारण व्यवहाराच्या बैठकीत पुरुष पुढे बसतात आणि जिच्या हातून देवी उतरते ती मागे राहते. आणि आवणीच्या दिवसांत सारा गाव शेतात असेल, तर उत्तरासाठी थांबावे. दिवाळीची जाहिरात वेळेवर निघावी म्हणून पाड्याला घाई करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि ग्राहकही या व्यवहारातून मुक्त नाही. वारली चित्र असलेली वस्तू हाती घ्याल तेव्हा विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारा: हे कोणी काढले, त्याला काय मिळाले, आणि ते येथे छापण्यास त्याची व त्याच्या समाजाची संमती होती काय? उत्तर मिळाले तर आनंदाने दाम मोजा. न मिळाले तर ती वस्तू तेथेच ठेवा.