पहिल्या महिन्याचा हिशेब

रविवारची मिस्सा संपल्यावर आवारात पाच-दहा मिनिटे उभे राहण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, कुणाच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, ही सारी खबरबात तिथेच कळते. अलीकडे या गप्पांत एका प्रश्नाची भर पडली आहे. "काय मग, किती उतरलं?" विचारणाऱ्याला तो अगदी साधा वाटतो. ज्याला विचारला जातो त्याला तो कसा लागतो, याचा विचार मात्र आम्ही फार उशिरा केला.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही सात-आठ जणांनी पहाटे मेहरूण तलावाच्या बाजूला फिरायला जायचे ठरवले. हौस म्हणून नव्हे. कुणाची साखर वाढली होती, कुणाचे गुडघे बोलू लागले होते, कुणाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. आमच्यातील एका भगिनीचे वजन १०८ किलो होते. मुलीच्या लग्नापर्यंत, म्हणजे चार महिन्यांत, ते ७० वर आणायचे असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. पहिल्या आठवड्यात काटा तीन किलोंनी खाली आला. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात एक किलो, तिसऱ्यात अर्धा, चौथ्यात काहीच नाही. पाचव्या आठवड्यात काटा उलटा पाऊण किलोने वर गेला.

त्या रविवारी आवारात आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, "किती उतरलं?" त्या नुसत्या हसल्या. सोमवारी फिरायला आल्या नाहीत. पुढचे दोन-तीन रविवार मिस्सा संपताच त्या कुणाशी न बोलता घरी निघून गेल्या.

प्रश्न विचारणारे आम्हीच होतो. म्हणून हा लेख.

एखाद्या मोठ्या आणि लांबच्या कामाच्या आरंभी फळाची किती अपेक्षा धरणे योग्य आहे? अपेक्षा अगदीच कमी धरली तर माणूस जागचा हलत नाही. फार धरली तर नीट चाललेले कामही फसल्यासारखे वाटते. हा प्रश्न केवळ वजनाचा नाही, पण वजनाच्या बाबतीत तो आकड्यांत मांडता येतो. म्हणून आधी शरीराचा हिशेब पाहू.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो सगळा मिळून साधारण अर्धा किलो भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण कमी केले की शरीर आधी या साठ्याला हात घालते. साठा गेला की त्याचे पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो कमी होतात त्यांतला बराचसा भाग हा असतो, चरबी फार थोडी. मग वेग मंदावतो आणि आपल्याला वाटते, आपले काहीतरी चुकले. खरे तर कुठेही चुकलेले नसते. पाण्याचा हिशेब संपून चरबीचा हिशेब सुरू झालेला असतो.

चरबीचा हिशेब संथ आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला ३,५०० होतात, म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडे कमीच. शिवाय वजन घटत गेले की शरीराचा खर्चही घटतो, त्यामुळे पुढे वेग आणखी उतरतो. आता आमच्या भगिनीचा बेत तपासून पाहा. चार महिन्यांत ३८ किलो म्हणजे रोज सुमारे २,४०० कॅलरींची तूट. त्यांच्या शरीराचा दिवसाचा एकूण खर्चच जवळपास तेवढा असेल. म्हणजे चार महिने जवळजवळ काहीच खायचे नाही! हा बेत मोडला तो त्यांची इच्छाशक्ती दुबळी होती म्हणून नव्हे. तो पहिल्या दिवसापासूनच अशक्य होता, आणि आम्ही त्याला टाळ्या वाजवत होतो.

त्यात काटाही दर आठवड्याला पूर्ण खरे बोलत नाही. आदल्या रात्री लग्नघरी शेवभाजी, पापड आणि लोणचे झाले की मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि सकाळी एक किलो जास्त भरतो. बायकांच्या महिन्याच्या चक्रातही एक-दोन किलोंचा फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा चालून घामाघूम झाल्यावर काटा खाली दिसतो आणि तांब्याभर पाणी प्यायल्यावर पुन्हा वर येतो. म्हणून रोजचा आकडा पाहून हसण्यात किंवा रडण्यात अर्थ नाही. महिन्या-दोन महिन्यांचा कल पाहावा.

मग किती अपेक्षा धरावी? आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सर्वसाधारण वैद्यकीय शिफारस आहे. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट ही चांगली प्रगती मानली जाते. १०८ किलोंच्या माणसाला ते ५ ते ११ किलो होतात. ऐकायला थोडे वाटते, पण शरीराला ते थोडे नसते. गुडघ्याच्या सांधेदुखीवरील एका अमेरिकी अभ्यासात २००५ साली असे दिसले की कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरले तर प्रत्येक पावलाला वीस किलोंचे ओझे कमी! काट्याला ते दिसत नाही, जिना चढणाऱ्याला कळते.

आपल्या देशातील एक उदाहरण तर अधिक बोलके आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर भारतात एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार सुधारला आणि नियमित हालचाल ठेवली त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटले, आणि तेसुद्धा वजनात म्हणण्यासारखा फरक न पडता. म्हणजे ज्या महिन्यांत काटा हलत नव्हता त्याच महिन्यांत आत काम चालू होते.

आता दुसरी बाजू. १९९७ साली अमेरिकेत साठ लठ्ठ स्त्रियांना उपचारापूर्वी विचारण्यात आले की तुम्हांला किती वजन कमी व्हायला हवे. त्यांचे उत्तर सरासरीने मूळ वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश निघाले. सतरा किलो कमी झाले तर? 'निराशा होईल', असे त्यांनी सांगितले. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी १६ किलो कमी झाले. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तम यश होते. तरीही जवळजवळ निम्म्या स्त्रिया आपण स्वतः ठरवलेल्या निराशेच्या रेषेपर्यंतही पोहोचल्या नाहीत. सोळा किलो उतरवलेली स्त्री आरशासमोर उभी राहून स्वतःला अपयशी म्हणते, यापेक्षा मोठा अन्याय कोणता? आणि तो तिच्यावर कुणी केला? उपचाराने नाही, अपेक्षेने केला.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव आज घराघरांत माहीत आहे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून त्यांनी दिवसातून दोनदाच जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवणे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे ही पद्धत लोकांपर्यंत नेली. आपल्या ओळखीतही ती पाळणारे आहेत. काहींना फायदा झाला, काहींनी ती मध्येच सोडली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. या मोहिमेच्या नावात 'विनासायास' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'फारशा कष्टांशिवाय' असा होतो. पण आपल्यापैकी पुष्कळांनी तो 'वाट पाहिल्याशिवाय' असा घेतला. अशी कोणतीही पद्धत नाही. २०२५ सालापासून आपल्या बाजारात आलेली वजनाची नवी इंजेक्शनेसुद्धा लहान मात्रेने सुरू करून महिनोन्‌महिने वाढवत न्यावी लागतात, आणि त्यांच्या चाचण्यांतील चांगले आकडे साधारण सव्वा ते दीड वर्षाचे आहेत.

खानदेशातल्या माणसाला वाट पाहणे खरे तर कुणी शिकवायला नको. केळीचे टिश्यूकल्चरचे रोप लावले तरी घड कापायला अकरा-बारा महिने जातात. पहिले सहा-सात महिने शेतकऱ्याला पानांशिवाय काही दिसत नाही. तो पाणी देतो, खत देतो, पिले काढतो. बाग निसवली नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात रोप उपटून मुळे तपासायला कुणी जात नाही. तसे करणाऱ्याला गाव हसेल. स्वतःच्या शरीराबाबत मात्र आपण नेमके तेच करतो.

वाट पाहायची याचा अर्थ डोळे मिटून बसायचे असाही नाही. शेतकरी पिवळे पडलेले पान पाहतोच. तीन महिने मनापासून पाळूनही काहीच फरक नसेल, तर थायरॉइड, चालू असलेली औषधे, झोप यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. आरंभी थोडीफार घट दिसणे ही चांगलीच खूण आहे. आमचे म्हणणे इतकेच, की अपेक्षा असावी, पण ती खऱ्या हिशेबातून आलेली असावी. पंधरा दिवसांत दहा किलोंचे वचन देणारी जाहिरात खोटी असते हे आपल्याला कळते. तेच वचन आपण स्वतःला देतो, तेव्हा तेही खोटेच असते. स्वतःशी खरे बोलणे हाही सत्याचाच भाग आहे.

येथे उपवासाचाही उल्लेख केला पाहिजे. उपवासकाळात मांसाहार किंवा गोड सोडताना 'बरोबरीने चार किलोही उतरतील' अशी एक छुपी इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. त्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पथ्य हिशेब मागते, उपवास पावती मागत नाही. दोन्ही एकाच ताटात वाढले की पथ्य पुनरुत्थानाच्या सणाच्या जेवणातच संपते आणि उपवासाचा व्यवहार होतो.

आणि शेजाऱ्यांचे काय? जाड माणूस आळशी किंवा खादाड असणार, असा निवाडा आपण फार सहज करतो. वजनात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, हे आज सर्वमान्य आहे. शिवाय घरातील बाई सर्वांचे ताजे जेवण झाल्यावर उरलेले 'वाया नको' म्हणून संपवते, तिच्या वजनात सगळ्या घराचा हात असतो. भरीत करताना तेल कमी घालायचे तर सगळ्यांनी कमी तेलाचे भरीत खावे. एकटीसाठी वेगळी भाजी, मग तिच्या ताटाकडे बघून थट्टा, अशाने कुणाचे पथ्य टिकत नाही.

आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो, तेव्हा आधी क्षमा मागितली. मग मघाचा सगळा हिशेब कागदावर मांडला. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?" हे वाक्य आम्ही विसरणार नाही. एक माणूस महिनाभर स्वतःला दोषी मानत होता, आणि तो दोष होता केवळ एका चुकीच्या आकड्याचा.

त्या पुन्हा येऊ लागल्या. मुलीच्या लग्नात त्यांचे वजन १०२ होते. आज ९७ आहे. सत्तर अजून दूर आहे, कदाचित ते कधी येणारही नाही. पण धुळ्याच्या सोयऱ्यांकडे तिसऱ्या मजल्यावर त्या आता मध्ये न बसता चढतात, आणि साखरेचा अहवाल पाहून डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आहे.

आम्ही आता महिन्यातून एकदाच काट्यावर उभे राहतो. कमरेचे माप टेपने घेतो. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा मानतात. आणि आवारात प्रश्न बदलला आहे. "किती उतरलं?" असे आम्ही कुणाला विचारत नाही. "उद्या पहाटे येणार ना?" एवढेच विचारतो. येत्या रविवारी आपणही हा प्रश्न कुणाला तरी विचारून पाहा. सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही तलावावर असतो.