निजणाऱ्या माशाचे कपट

आफ्रिकेत मलावी, मोझांबिक व टांझानिया ह्या तीन देशांना स्पर्श करणाऱ्या मलावी सरोवरात वीतभर लांबीचा एक मासा राहतो. शास्त्रज्ञ त्यास 'निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी' म्हणतात. तेथील कोळी 'कालिगोनो', म्हणजे निजणारा. कोळ्यांचेच नाव अधिक नेमके. हा मासा तळाच्या वाळूवर कुशीवर आडवा होऊन निश्चल पडतो. अंगावरचे फिकट व तपकिरी डाग असे, की पाहणाऱ्यास कुजू लागलेले मढेच वाटावे. लहान मासे ते मढे टोचावयास जवळ येतात आणि मढे त्यांस गिळते. केनेथ मॅके ह्या प्राणिशास्त्रज्ञाने हे सरोवरात प्रत्यक्ष पाहून १९८१ साली प्रसिद्ध केले.

ह्यास कपट म्हणावे काय? पंचतंत्रातील बगळ्याला आपण केव्हाच ढोंगी ठरविले आहे. पण त्या बगळ्याने माशांना दुसऱ्या तळ्याचे आमिष तोंडाने दाखविले होते. कालिगोनो तर चकार शब्द काढीत नाही.

"मी खोटे बोललोच नाही," हा बचाव आम्हां वकिलांच्या परिचयाचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम तो अर्धाच मान्य करते. नुसते मौन कपट नव्हे. परंतु बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा मौनच भाषणासारखे असेल, तर ते कपट होऊ शकते. माशाचे पडून राहणे भाषणासारखे आहे, ह्यात मला संशय नाही. तथापि त्याच कलमास फसविण्याचा हेतूही लागतो, आणि खटला येथे कोसळतो. समोरच्याची काही समजूत झाली आहे, ती खोटी आहे, हे मासा जाणतो असे मानावयास आधार नाही. गहाण पडलेले घर विकताना रंगविलेल्या भिंती दाखवून गहाणखताविषयी ओठ मिटून बसणारा मनुष्य मात्र हे पुरतेपणी जाणतो. "जगाची रीतच अशी," असे म्हणून त्याने माशाची साक्ष काढू नये.

येथवर युक्तिवाद सरळ चालतो. पण ह्याच जातीची मादी आपली अंडी तोंडात जपते आणि पिले पोहू लागेपर्यंत त्यांस तेथेच आश्रय देते. जबडा तोच. हेतूच्या अभावी कपटाचा आरोप काढून घ्यावयाचा, तर त्याच न्यायाने वात्सल्याचे श्रेयही काढून घ्यावे लागेल; आणि तेथे माझी लेखणी अडते.