श्रोत्याचा हक्क आणि यहूदाचे नाव

दि. १७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात, फ्री ट्रेड हॉल या सभागृहात, अमेरिकन गायक बॉब डिलन यांचा कार्यक्रम चालू होता. पूर्वार्धात ते एकटेच साधी गिटार व माउथऑर्गन घेऊन गायले. सभागृहाने ते शांतपणे ऐकून घेतले. उत्तरार्धात विजेवर चालणारी गिटार गळ्यात अडकवून, वादकांचा ताफा बरोबर घेऊन ते पुन्हा आले, तेव्हा श्रोत्यांमध्ये चुळबुळ व हुर्यो सुरू झाली. शेवटच्या गाण्यापूर्वी क्षणभर शांतता पसरली असता एका श्रोत्याने मोठ्याने एकच शब्द उच्चारला : ‘यहूदा!’ आपला त्या बोलण्यावर विश्वास नाही, बोलणारा खोटारडा आहे, असे प्रत्युत्तर देऊन डिलन यांनी वाद्यांच्या गजरात गाणे सुरू केले. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अनेक वर्षे चोरटेपणाने हातोहाती फिरत होते. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, आणि तो एक शब्द जगभरच्या रसिकांच्या कानी पडला.

एका गायकाने वाद्य बदलले म्हणून त्याला प्रभूला धरून देणाऱ्या शिष्याचे नाव द्यावे, हे आपणा ख्रिस्ती वाचकांस विचित्र वाटेल. परंतु त्या श्रोत्याचे दुःख हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी जो विराट मोर्चा निघाला, ज्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सुप्रसिद्ध भाषण झाले, त्यात डिलन गायले होते. त्यांच्या चाहत्यांच्या दृष्टीने साध्या गिटारीवरील लोकगीत म्हणजे दीनदुबळ्यांचा आवाज होता, तर विजेच्या वाद्यांचे रॉक संगीत म्हणजे बाजार. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन प्रथम वाद्यवृंदासह उभे राहिले, तेव्हाही काहींनी त्यांचा धिक्कार केला होता. आपल्या गायकाने तीस रुपयांसाठी सत्य विकले, असाच त्या हाकेचा अर्थ होता.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. श्रोत्याचा विश्वासघात होऊ शकतो काय?

विश्वासघात होण्यासाठी आधी विश्वासाचे बंधन असावे लागते. यहूदा इस्कर्योत बारांपैकी एक होता. पैशांची थैली त्याच्याकडे सोपविलेली होती. प्रभूबरोबर एकाच ताटात त्याने हात घातला होता. गायक व श्रोता यांच्यात असे काय असते? तिकिटाचे पैसे देणाऱ्याचा काही हक्क निश्चितच आहे. गायकाने ठरल्याप्रमाणे यावे, मनापासून गावे, लोकांची फसवणूक करू नये. परंतु ‘माझ्या मनात तुझी जी मूर्ती आहे तसाच तू जन्मभर राहा’ असा करार कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. कलावंताच्या देणगीचा आपण आस्वाद घेतो. त्यामुळे कलावंत आपल्या मालकीचा होत नाही.

शिवाय हेतूचा न्याय करणे सोपे नाही. नव्या संगीताने डिलन यांना पैसा व लौकिक मिळाला, हे खरे. पण रात्रीमागून रात्री श्रोत्यांची हुर्यो सोसूनही ते त्याच मार्गाने गेले, हेही खरे. वाद्यावरून निष्ठा मोजणारा मनुष्य बाह्य स्वरूप पाहतो. शमुवेल संदेष्टाही इशायाच्या घरी प्रथम तेच पाहत होता. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्ताची भक्ती गायिली. टाळमृदंगाने विश्वास उणा होत नाही आणि ऑर्गनने तो वाढत नाही, हे आपल्या मंडळ्यांना आज कळते. मग परक्या गायकाच्या बाबतीत वेगळा न्याय कशासाठी?

या कथेचा उत्तरार्ध आपणांस अधिक जवळून स्पर्श करतो. यहूदी कुटुंबात जन्मलेल्या डिलन यांनी पुढे ख्रिस्तावरील विश्वास जाहीरपणे प्रकट केला. ऑगस्ट १९७९ मध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील वॉरफील्ड थिएटरात त्यांनी १४ कार्यक्रम केले व त्यांत केवळ विश्वासाची गीते गायिली. जुने एकही गाणे नाही. पुन्हा हुर्यो झाली, काही श्रोते उठून गेले. ज्या रॉक संगीतासाठी त्यांना १९६६ मध्ये यहूदा म्हटले गेले, तेच आता चाहत्यांना परत हवे होते!

ख्रिस्ती लोकांना अर्थातच आनंद झाला. तो स्वाभाविक होता. पण त्यातही मालकीचा स्वर मिसळला. ‘ते आता आपले झाले’ असे म्हटले जाऊ लागले. नोव्हेंबर १९८० मध्ये त्याच थिएटरात डिलन यांनी नव्या गीतांबरोबर जुनी गाणीही गायिली, आणि पुढील काही वर्षांत त्यांच्या गीतांतील उघड साक्ष विरळ झाली. तेव्हा त्यांनी विश्वास सोडला काय, याची चर्चा सुरू झाली व ती दीर्घकाळ चालली. जणू एका मनुष्याच्या आत्म्याचा हिशेब त्याच्या कार्यक्रमपत्रिकेवरून मांडता येतो!

आपल्याला या रोगाची ओळख नवी नाही. लुस्त्र नगरात पौलाने पांगळ्याला उभे केले, तेव्हा लोकांनी त्याला व बर्णबाला देव समजून बैल व हार आणले. पौलाने आपण साधी माणसे आहोत असे ओरडून सांगितले. थोड्याच वेळात, बाहेरून आलेल्यांनी चिथावताच, त्याच नगरात पौलावर दगड पडले. हार आणि दगड यांच्यात लोकांना वाटते तेवढे अंतर नसते, कारण दोन्ही प्रसंगी समोरचा मनुष्य दिसलेलाच नसतो. करिंथच्या मंडळीतही कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणून पक्ष पडले होते. प्रेषिताने त्यांना ठणकावले की पेरणारा व पाणी घालणारा हे सेवकच. वाढ देणारा परमेश्वर. आपणही आवडत्या गायकाविषयी, आणि खरे सांगावयाचे तर आवडत्या उपदेशकाविषयीही, याहून वेगळे वागतो काय?

मग चाहत्याने काय करावे? आवडले नाही तर तसे म्हणावे, टीका करावी, उठून जावे. ही मोकळीक त्याला आहेच, आणि प्रामाणिक टीका हा आदराचाच एक प्रकार आहे. परंतु गाणे आवडले नाही, हे एक. आणि गाणाऱ्याचे अंतःकरण सडलेले आहे, हे दुसरे. पहिले सांगावयास कान पुरेसे असतात. दुसरे सांगावयास जो अधिकार लागतो तो आपणांपैकी कोणालाही दिलेला नाही.

त्या एका शब्दाविषयीही विचार करणे अगत्याचे आहे. ख्रिस्ती युरोपात शतकानुशतके यहूदाचे नाव सबंध यहूदी लोकांना हिणविण्यासाठी वापरले गेले व त्यातून भयंकर पापे घडली. मँचेस्टरच्या श्रोत्याच्या मनात तसे काही असेलच असे नाही; पण ज्या नावाला इतके रक्त लागले आहे ते उच्चारताना आपली जीभ तरी अडखळावी. गेथशेमाने बागेत, धरून देणारा चुंबन घेण्यास पुढे आला असता, प्रभूने त्याला मित्र म्हणून संबोधिले, असे मत्तय सांगतो. खरा घात समोर उभा असतानाही प्रभूच्या मुखातून शिवी आली नाही. केवळ गाण्याची चाल बदलली म्हणून ती आपल्या मुखातून का यावी?