पाणी चढतंय की उतरतंय

सावकाश बसा. फोन हातात असेल तर असू द्या, आजच्या मननाचा विषय त्याच्याच पडद्यावर आहे. एक साधा आलेख. खाली गेल्या सात दिवसांच्या तारखा, डावीकडे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचं माप, आणि मधून गेलेली एक रेघ. नदीचं नाव बीव्हरकिल. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतून ती उतरते, रॉस्को गावाजवळ विलोविमॉक नदी तिला मिळते, आणि तिथून थोडं खाली कुक्स फॉल्सला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचं मोजणी केंद्र आहे. गळाने ट्राऊट धरणाऱ्यांची ही फार जुनी, लाडकी नदी.

उद्या पहाटे गळ घेऊन तिच्याकडे जायचं का, एवढंच ठरवायचं आहे. पण आत्ताच ठरवू नका. आकडाही वाचू नका. नुसती रेघ बघा.

रेघ एका ठिकाणी ताठ वर गेलेली दिसेल. तिथे थांबा. तो पाऊस आहे, पण केंद्राजवळ पडलेला असेलच असं नाही. काही तासांपूर्वी वर कुठेतरी, मेपल आणि हेमलॉकच्या रानात तो पडला. पानांवरून मातीत, मातीतून ओहोळात, ओहोळातून नदीत आला. त्या सगळ्या उतारांवरून मनाने एकदा खाली या. घाई नाही.

आता रेघेची दुसरी बाजू. चढली ताठ, पण उतरते आहे हळूहळू, लांब पाय पसरत. जमिनीत मुरलेलं पाणी झऱ्यांवाटे अजून नदीला मिळतं आहे, म्हणून हा उतार मंद. डोंगर पाणी एकदम घेतो आणि सावकाश देतो, ते इथे डोळ्यांनी दिसतं. मला आलेखाचा हाच भाग सगळ्यात आवडतो आणि मी त्यावर बराच वेळ रेंगाळतो.

आता आकडा वाचा. समजा, ४०० क्युसेक. धरणांच्या बातम्यांमुळे हे माप आपल्या ओळखीचं आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर दर सेकंदाला भरून वर पाणी उरेल, एवढी ही नदी वाहते आहे. एक श्वास घ्या. तेवढ्यात किती पाणी पुढे गेलं, ते मनात धरून पाहा.

हा आकडा यंत्राने थेट मोजलेला नसतो. यंत्राला कळते ती फक्त पातळी. या पातळीला किती पाणी वाहतं, हे आधी माणसांनी शोधलेलं असतं. कमी पाण्यात, भरल्या पाण्यात, थंडीत ती नदीवर जातात, ठिकठिकाणी खोली आणि वेग मोजतात आणि त्यावरून पातळी आणि प्रवाह यांचं नातं बांधतात. मोठा पूर येऊन गेला की तळ बदलतो आणि ते नातं पुन्हा तपासावं लागतं. या खात्याचं पहिलं केंद्र 1889 साली न्यू मेक्सिकोत, एम्बुडोजवळ रिओ ग्रांदेवर उभं राहिलं. त्यामागे कोरड्या पश्चिमेतल्या शेतीच्या पाण्याची चिंता होती. मासे धरणाऱ्यांसाठी ते उभारलं नव्हतं, पण त्या कष्टांचा लाभ आपल्याला मिळतो. त्या माणसांची मनात एकदा आठवण करा.

मग कोल्हापूर आठवा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. पण आकडा सांगितला की ऐकणारा लगेच पुढचं विचारतो, “चढतंय की उतरतंय?” बीव्हरकिलवर जाणाऱ्यानेही नेमकं हेच विचारायचं असतं.

चढत्या रेघेवरचे ४०० क्युसेक डोळ्यांपुढे आणा. पाणी गढूळ, त्यात पानं आणि काटक्या, आणि वरून अजून येतंच आहे. मासा काठाच्या आडोशाला दबलेला. अशा पाण्यात पाय घालू नये. गुडघ्याएवढं म्हणून उतरलेल्या माणसाला परतताना तीच वाट कमरेएवढी लागू शकते. आता उतरत्या रेघेवरचे ४०० आणा. पाणी निवळतंय, धोंड्यांच्या कडा दिसू लागल्यात, मासा पुन्हा प्रवाहाच्या कडेला येऊन वाहत येणारे किडे टिपू लागलाय. माप एकच, पण या दोन वेगळ्या नद्या आहेत. एकीवर घरी थांबावं, दुसरीवर जावं. या दोन्ही नद्या काही वेळ शेजारी शेजारी मनात ठेवा.

ऑगस्टचीही एक रेघ असते, खाली आडवी पडलेली. नदीत उतरायला एवढी सोपी वेळ दुसरी नाही, म्हणून मोह होतो. पण तेव्हा पाण्याचं तापमान बघा. 20 अंश सेल्सिअसच्या वर ट्राऊटचे हाल सुरू होतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि गळाशी झुंजून दमलेला मासा हलक्या हाताने सोडला तरी पुष्कळदा मरतो. गार झऱ्यांच्या तोंडाशी ते दाटीने उभे असतात आणि सहज सापडतात. तिथे गळ टाकणं मला क्रूरपणा वाटतो. त्या दिवसांत रेघ वाचावी आणि घरी राहावं. फारच ओढ लागली तर बीव्हरकिल जिला मिळते त्या ईस्ट ब्रांच डेलावेअरवर, पेपॅक्टन धरणाच्या खाली जावं. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या जलाशयाच्या तळातून गार पाणी सोडतात. तिथली रेघ मात्र पायऱ्यापायऱ्यांची असते, कारण ती पावसापेक्षा माणसाच्या हाताने चढते-उतरते.

आता निर्णय. रेघ उतरत असेल, पाणी गार असेल, तर आज रात्रीच सामान बांधा. पहाटे दार ओढण्याआधी आलेख पुन्हा उघडा. रात्रीतून डोंगरात सर आली असेल तर रेघ वळलेली असेल. तशी दिसली तर बूट काढा, चहा ठेवा आणि परवाचं बघा.