निर्वासितांची न्यायबुद्धी

ज्याने स्वतः अन्याय सोसला त्याला दुसऱ्यावरील अन्याय चटकन ओळखू येतो, अशी आपली सर्वांचीच एक गोड समजूत आहे. ती खरी कितपत हे नुसत्या तर्काने ठरविण्यापेक्षा एखाद्या घडलेल्या इतिहासावर घासून पाहावी हे बरे. आणि त्या कामी अमेरिकेत जाऊन वसलेल्या वलंदेजांचा इतिहास मोठा उपयोगी आहे. वलंदेज म्हटले की मराठी वाचकास सतराव्या शतकातील वेंगुर्ल्याची वखार आठवेल. पण ते व्यापारी; माल भरावा आणि परतावे, एवढाच त्यांचा आपल्या किनाऱ्याशी संबंध. मला सांगावयाचे आहे ते परत न येण्याच्या निश्चयाने घर सोडणाऱ्यांविषयी.

हॉलंडात राजसत्तेने १८१६ मध्ये धर्मसंस्थेचा कारभार आपल्या हाती घेतला. जुन्या कडव्या श्रद्धेच्या लोकांस हे रुचले नाही. १८३४ मध्ये उल्रुम या खेड्यातील धर्मोपदेशक हेंड्रिक दे कॉक व त्याची मंडळी राजमान्य चर्चमधून बाहेर पडली आणि गावोगाव तिचे अनुकरण झाले. सरकारने यावर उपाय शोधला तो कायद्याचाच. फ्रेंच अमलातील दंडसंहितेचे एक जुने कलम शिल्लक होते. परवानगीवाचून वीसांहून अधिक माणसांनी जमू नये, असे ते सांगे. त्याच्या आधारे प्रार्थनासभा उधळल्या गेल्या, गरीब शेतकऱ्यांस दंड झाले, त्यांच्या घरी शिपाई ठाणे देऊन बसले. हे सर्व यथाविधी झाले, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे १८४० नंतर छळ ओसरला, आणि १८४५ साली बटाट्यावर रोग पडून गरिबांचे अन्नच गेले. तेव्हा हे लोक निघाले ते धर्मासाठी की पोटासाठी, असा वाद इतिहासकार घालतात. मला तो निष्फळ वाटतो. ज्याला घरी पोटभर भाकरी नाही आणि मनासारखी प्रार्थनाही नाही, त्याने आपल्या हेतूंची वाटणी करून दाखवावी, ही अपेक्षा सुखवस्तू माणसाचीच असू शकते.

१८४६ च्या शरदात अल्बर्टस फान राल्टे हा दंड आणि तुरुंग दोन्ही भोगलेला धर्मोपदेशक आपल्या अनुयायांसह निघाला, आणि १८४७ च्या फेब्रुवारीत मिशिगन सरोवराजवळच्या घनदाट अरण्यात येऊन ठेपला. त्याच वर्षी हेंड्रिक स्कोल्टे याने सुमारे आठशे माणसे आयोवात नेऊन वसविली व गावाचे नाव पेला ठेवले. जेरुसलेमचे आद्य ख्रिस्ती संकटकाळी ज्या नगरीच्या आश्रयास गेले म्हणतात, तिचे हे नाव. मिशिगनकरांचे हाल अधिक झाले. बांध घालावे, पाण्याखालची जमीन वर काढावी, यात हातखंडा असलेली ही सपाट मुलखातली माणसे. झाड तोडताना ते कोणत्या बाजूस पडेल हे त्यांस शेजारच्या अमेरिकनांकडून शिकावे लागले. पहिल्याच उन्हाळ्यात हिवतापाने घरेच्या घरे बसली. नोव्हेंबरात फीनिक्स ही आगबोट शेबॉयगनजवळ पेटली आणि बंदर जवळजवळ गाठलेले दीडशेहून अधिक वलंदेज जळून वा बुडून मेले. या लोकांच्या धैर्याविषयी कोणास शंका असेल तर ती मला मान्य नाही.

परंतु ते अरण्य रिकामे नव्हते. तेथे ओटावा लोकांची वस्ती होती, शेते होती, एक मिशनही होते. आणि वलंदेजांच्या पहिल्या तुकडीस आसरा मिळाला तो त्या मिशनच्याच आवारात. १८३६ च्या तहान्वये ओटावांनी आपला विस्तीर्ण मुलूख सरकारास दिला होता. मग आपणांस मिसिसिपीपलीकडे हाकलतील या भयाने, त्या तहापोटी मिळणाऱ्या पैशांतून त्यांनी त्याच मुलखाचा लहानसा तुकडा सरकारकडून विकत घेतला. आपलीच भूमी दाम मोजून घेणाऱ्या या लोकांशेजारी आता हजारो माणसे येऊन पडली. कुरबुर झाली ती मोठ्या गोष्टींवरून नव्हे. वलंदेजांची डुकरे मक्याच्या शेतात शिरत. वसंतात मेपल वृक्षांचा गोड रस धरण्यासाठी ओटावा लाकडी द्रोण्या कोरीत व हंगाम संपताच पुढील वर्षासाठी त्या रानातच ठेवीत. नवागतांस त्या बेवारशी वाटल्या आणि त्यांनी त्या उचलल्या.

यावर कोणी म्हणेल की तह अमेरिकेच्या सरकारने केला, जमिनीचे दाम वलंदेजांनी चोख मोजले, मग त्यांच्या पदरी दोष कोणता? आक्षेप रास्त आहे, आणि तहाचे पाप मी त्यांच्या माथी मारीत नाही. पण कायद्याने झाले एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही, हे त्या अरण्यात जर कोणास पुरते ठाऊक असावयाचे, तर ते वीस माणसांच्या कलमाखाली भरडून निघालेल्या यांनाच! आणि द्रोण्यांच्या बाबतीत तर तहाचीही आड नाही. मला वाटते, दुःख माणसास शिकविते ते फक्त त्याच्या दुःखाचे रूप. यांनी अन्याय पाहिला होता तो शिपायाच्या वेषात. खरेदीखत हाती घेऊन तो आला तेव्हा त्यांना त्याची ओळख पटली नाही, कारण या खेपेस तो त्यांच्याच घरून निघाला होता. शिवाय छळ सोसलेल्या माणसास आपले येणेच पुष्कळ निघते असे वाटत असते. आपल्याकडेही कोणाचे देणे असेल, हे त्याच्या हिशेबात सहसा येत नाही.

यांची सदसद्विवेकबुद्धी बोथट होती म्हणावे, तर तसेही नाही. १८४९ मध्ये आपल्या जमिनी विकून, मिशनऱ्यासह ओटावा होड्यांतून उत्तरेस ग्रँड ट्रॅव्हर्सच्या किनारी निघून गेले. वलंदेजांचा शेजार नकोसा झाला हे त्याचे एक मोठे कारण होते. त्या जिल्ह्याचे नाव मात्र आजही ओटावाच आहे. पुढे १८५७ मध्ये फान राल्टेच्या वसाहतीत धर्माचा वाद माजला. उपासनेत बायबलातील स्तोत्रांखेरीज इतर पदे गावीत काय, पवित्र भोजनास बाहेरच्यांस बोलवावे काय, या प्रश्नांवर लोकांना झोप येईना, आणि चार मंडळ्या जुन्या सोबत्यांशी संबंध तोडून वेगळ्या झाल्या. ओटावा जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्यांच्या जाण्यावरून एकही मंडळी फुटली नाही.