ऐकू येते, पण कळत नाही

जुलै २०२३ मध्ये अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली आणि तिची बातमी जगभर गेली. दीड वर्षाच्या चाचणीत या औषधाने रुग्णांची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली होती. तेव्हा ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागत होते, मेंदूला सूज येत नाही ना हे पाहायला अधूनमधून एमआरआय करावा लागतो आणि अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत साडेसव्वीस हजार डॉलर ठरली. संशोधन मोठेच आहे. पण त्याच महिन्यात 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला दुसरा एक अभ्यास मला आपल्या घरांसाठी अधिक मोलाचा वाटतो. तो होता श्रवणयंत्राविषयी.

सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या, कमी ऐकू येणाऱ्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना यंत्रे आणि ऑडिओलॉजिस्टचे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचे, मार्गदर्शन मिळाले, उरलेल्यांना आरोग्यशिक्षण. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असे यावरून कोणी म्हणू नये. तरीही २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळण्याजोगी कारणे मांडली, त्यांत ऐकू कमी येणे हे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे, हे विसरता येत नाही.

आपण मात्र 'वय झालं' म्हणून हा विषय सोडून देतो. वयानुसार कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर ऐकू येत राहतात. स, श, त, क, फ निसटतात. मग 'काल', 'चाल', 'साल', 'ताल' सारखेच वाटू लागतात. म्हणून आजोबा म्हणतात, "ऐकू येतंय रे, पण कळत नाही." ते अगदी खरे सांगत असतात. ओरडण्याने स्वर तेवढे मोठे होतात, निसटलेले व्यंजन सापडत नाही, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच. उरलेल्या तुकड्यांतून वाक्य जुळवता जुळवता मेंदू थकतो. काही काळाने माणूस लग्नाकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतो, फोन घेणे टाळतो, आणि घरचे म्हणतात, हल्ली फारच अबोल झालेत.

चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही, कानाच्या मशीनची वाटते. पण यंत्र कपाटात पडून राहते ते केवळ लाजेपोटी नव्हे. वर्षानुवर्षांच्या शांततेनंतर पंखा, भांडी, कुकरची शिट्टी एकदम अंगावर येतात. मेंदूला त्यांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात यंत्राची जुळणी पुन्हापुन्हा करावी लागते. वर सांगितलेल्या अभ्यासातही यंत्र हातात देऊन कुणाला घरी पाठवले नव्हते; ऑडिओलॉजिस्टकडे ठरावीक भेटी होत्या. माझ्या मते खरा उपचार तिथेच आहे.

या दृष्टीने पाहिले तर महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना अर्ध्यावर थांबते. पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. चष्म्याला ते पुरतील. चांगले डिजिटल यंत्र त्यात येत नाही, आणि जुळणी कोण करणार हा प्रश्न तसाच राहतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या विषयातले तज्ज्ञ घडतात. त्यांच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात पदे निर्माण करावीत. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे तपासून घ्यायला रांगेत बसलेल्या माणसाचे कान त्याच दिवशी तपासता येतील, आणि यंत्र दिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्याला जुळणीसाठी परत बोलावता येईल. येण्याजाण्याचे एसटीचे भाडेही त्याच योजनेतून द्यावे.