आपल्यानंतर येणारा सहकारी

भेंडीची कोणती कळी उद्या उमलणार, हे आदल्या दुपारीच ओळखावे लागते. संकराच्या कामात मुरलेल्या मजुरांना ते विचारावे लागत नाही. चालता चालता त्यांचा हात नेमक्या फुगलेल्या कळीवर जातो. नखाने किंवा बारीक पात्याने कळीचे आवरण गोल कापायचे, पाकळ्या अलगद सोलायच्या, आतल्या दांड्याभोवती नळीसारखे चिकटून बसलेले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दांडा मात्र दुखवायचा नाही. मग वर कागदी पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल उमलते आणि दुपार कलेपर्यंत मिटूनही जाते. तेवढ्या वेळात दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे, पिशवी पुन्हा चढवायची आणि देठाला चिठ्ठी बांधायची. मादी कोणती, नर कोणता, तारीख काय, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. संध्याकाळी कळी सोलणारा आणि सकाळी पराग लावणारा एकच माणूस असेल असे नाही. शेंग वाळल्यावर बी काढणारा आणखी कोणी, आणि पुढच्या हंगामात ते बी पेरून रोपांची निरीक्षणे वहीत उतरवणारा त्याहून वेगळा. या साऱ्यांची एकमेकांशी गाठ पडेलच असे नाही. त्यांच्यातला दुवा म्हणजे पावसात भिजणारी ती चिठ्ठी.

कार्यालयात, कारखान्यात, शाळेत चांगला सहकारी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचा विचार मला या चिठ्ठीपासून सुरू करावासा वाटतो. त्याला कारण परभणी आहे. या जिल्ह्यात निजामाच्या राजवटीपासून, म्हणजे १९१८ पासून, पिकांवरच्या प्रयोगांचे काम चालत आले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले; २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. या विद्यापीठाने १९८५ मध्ये भेंडीचा एक वाण दिला आणि जिल्ह्याचे नाव देशभरच्या बियाण्यांच्या पाकिटांवर गेले. तो वाण म्हणजे ‘परभणी क्रांती’.

त्यापूर्वी भेंडी लावणाऱ्याला हळद्याने हैराण केले होते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हा विषाणू शिरला की पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग फळही पिवळट निघते आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा वाण सुरुवातीला या रोगापुढे टिकला, पण पुढे त्याचीही ताकद ओसरली. तेव्हा परभणीच्या एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी लागवडीच्या भेंडीबाहेर, तिच्या भाऊबंदांत शोध घेतला. ‘मॅनिहॉट’ नावाच्या एका वेगळ्या जातीत त्यांना प्रतिकारशक्ती सापडली. ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे त्यांनी १९८१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. दोन वेगळ्या जातींचा संकर म्हटला की बी धरण्याचीच मारामार. धरलेच तर रोपांत रानटी गुणही उतरतात. ते एकेक करून घालवायचे आणि प्रतिकारशक्ती तेवढी राखायची, म्हणजे पुन्हा पुसा सावनीशी संकर, पुन्हा निवड, पिढ्यान्‌पिढ्या. नवा वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला दहा-बारा वर्षे लागणे ही पैदासीच्या कामातली नेहमीची गोष्ट आहे.

दहा-बारा वर्षांत एखाद्या सरकारी जागेवर किती माणसे येतात आणि जातात, हे मराठवाड्यातल्या कोणालाही सांगायला नको.

आजकाल ‘टीम’ म्हटले की एका टेबलाभोवती बसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. त्यांच्यासाठी हॉटेलच्या सभागृहात एक दिवसाचे शिबिर होते, कागदाचे मनोरे रचायला लावतात, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांवर विश्वास टाकायला शिकवतात, शेवटी गटाचा फोटो. मला या प्रकाराचे वावडे नाही; एक दिवस बरा जातो. पण तिथे जे शिकवले जाते ते समोरच्या माणसाशी कसे वागावे एवढेच. समोरच्याशी बरे वागायला बहुतेकांना शिबिराची गरज नसते. लाज असते, ओळख असते, उद्या परत तोंड पाहायचे असते. खरी अडचण जो समोर नाही त्याच्याशी बरे वागण्याची आहे. जो तीन वर्षांनी आपल्या खुर्चीवर बसेल, ज्याचे नावही आज कोणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी वहीत एक ओळ जास्त लिहायला कोणतीही लाज भाग पाडत नाही. माझ्या मते सहकाऱ्याची परीक्षा तिथे होते.

माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे सर्वात आधी मोजणारा माणूसही शेतीच्या क्षेत्रातलाच होता, हे मला मोठे गमतीचे वाटते. माक्स रिंगेलमान हा फ्रेंच कृषी अभियंता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने विद्यार्थ्यांना दोर ओढायला लावून मोजमापे घेतली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आठ जण मिळून ओढत तेव्हा त्यांच्या एकेकट्याच्या जोराची जेवढी बेरीज व्हायला हवी, त्याच्या निम्म्याच्या आसपासच प्रत्यक्षात भरत असे. काही अंशी ताळमेळ चुकतो, काही अंशी माणूस हात राखतो. दोराच्या बाबतीत निदान आठही जण एका जागी, एकाच वेळी उभे होते. तेच आठ जण बारा वर्षांत एकामागून एक येऊन ओढू लागले तर किती हात राखला जाईल, याचे मोजमाप रिंगेलमानने केले नाही. आपण मात्र ते रोज पाहतो.

पुन्हा भेंडीच्या ओळींकडे येऊ. समजा, संध्याकाळी पिशव्या मोजताना एखाद्या मजुराच्या लक्षात आले की सकाळी दोन ओळींच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. नक्की सांगता येत नाही, शंका आहे. बोलावे तर दिवसाची मेहनत वाया, वर साहेबांची बोलणी. न बोलावे तर आज काहीच बिघडत नाही. शेंगा धरतील, बी निघेल, वहीत नोंद होईल. तीन हंगामांनी रोपे विचित्र दिसू लागतील, आणि तेव्हा जो माणूस डोके धरून बसेल त्याला ही संध्याकाळ माहीतच नसेल. ‘साहेब, या दोन ओळींचा मला भरवसा नाही’ असे जो त्याच संध्याकाळी सांगतो, त्याने त्या दिवशी पन्नास कळ्या सोलणाऱ्याइतकेच काम केले. आणि ते ऐकून जो अधिकारी शेंगा टाकून देतो, माणसाला टाकत नाही, त्याचा वाटाही तितकाच आहे.

एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी उलट निघाल्या. ज्या गटांचे काम चांगले, तिथे चुकांची नोंद जास्त. त्याचा उलगडा त्यांना असा झाला की तिथल्या परिचारिका चूक झाली तर बोलत होत्या, आणि बाकीच्या ठिकाणी ती झाकली जात होती. आपल्याकडे एखाद्या कार्यालयाच्या अहवालात वर्षभर एकही चूक नसली तर वरिष्ठांना आनंद होतो. मला असा अहवाल पाहिला की धास्ती वाटते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. रोजंदारीवरच्या माणसाकडून हे धाडस कोणत्या तोंडाने मागायचे? आज आहे, उद्या हजेरीपटावर नाव असेल की नाही ठाऊक नाही; अशा माणसाने तीन हंगामांनंतरच्या कोणाची काळजी का करावी? शोधनिबंधावर शास्त्रज्ञांची नावे येतात, वाणावर जिल्ह्याचे येते, कळी सोलणाऱ्या बोटांचे कुठेच येत नाही. ‘आपण सारे एक कुटुंब’ हे वाक्य ज्या कार्यालयात सर्वात जास्त ऐकू येते, तिथे अकरा महिन्यांच्या करारावरची माणसेही सहसा सर्वात जास्त असतात, असा माझा अनुभव आहे. कुटुंबात करार संपत नाही. तेव्हा सहकाऱ्याचे गुण हे फक्त माणसाच्या स्वभावात शोधणे मला अप्रामाणिक वाटते. पुढच्याची फिकीर करायला माणसाला स्वतःला थोडातरी पुढचा काळ दिसावा लागतो. तो दाखवणे हे संस्थेचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय मजुराच्या ‘वृत्ती’वर व्याख्यान देऊ नये.

ज्यांना तो काळ दिसतो, ज्यांची नोकरी पक्की आहे, त्यांच्याबद्दल मात्र अधिक कठोरपणे बोलता येईल. प्रत्येक कचेरीत एक माणूस असतो ज्याच्यावाचून पान हलत नाही. कोणती फाइल कोणत्या कपाटात, कोणत्या गावातल्या कोणत्या शेताचा वाद कशावरून, जिल्हा परिषदेतून कागद लवकर कसा आणायचा, सगळे त्याच्या डोक्यात. साहेब बदलतात, तो राहतो. त्याला आधारस्तंभ म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणे, ‘त्यांची उणीव भासेल’ हे हमखास. उणीव दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेदहाला भासते. फोन सुरू होतात. मी या माणसाला वाईट सहकारी मानतो. तो कष्टाळू असेल, प्रामाणिक असेल, अडल्यानडल्याला धावून जाणारा असेल. तरीही तीस वर्षे तो जे शिकला ते कोणाच्या हाती लागेल असे त्याने ठेवले नाही, आणि आपल्यावाचून अडते याचे त्याला मनातून बरे वाटत राहिले. आपण अशांचा सत्कार करतो आणि ज्याच्या जाण्याने काहीच अडले नाही त्याला विसरतो. खरे तर जाण्याने काही अडू नये इतकी तयारी करून गेलेला माणूस शोधून त्याला शाल द्यायला हवी.

सरकारी नोकरीत या हस्तांतराचा एक ठरलेला विधी आहे. बदली झालेला ‘मध्यान्हानंतर कार्यमुक्त’ होतो, नवा ‘मध्यान्हपूर्व रुजू’ होतो. चार्ज रिपोर्टवर दोघांच्या सह्या होतात. त्यात कपाटांच्या किल्ल्या असतात, शिक्के असतात, रोकडवही असते, जडवस्तूंच्या नोंदवहीतल्या मोडक्या खुर्च्याही असतात. मोडक्या खुर्चीला अनुक्रमांक असतो. पण यंदाच्या चाचणीत कोणत्या वाफ्यात पाणी तुंबले होते, कोणत्या गावातल्या शेतकऱ्याने प्रयोगाला जमीन दिली आणि आपण त्याला काय कबूल केले होते, कोणता प्रयोग फसला आणि का, यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. फसलेल्या प्रयोगाची नोंद तर कोणीच पुढे देत नाही. त्यामुळे नवा माणूस तोच प्रयोग नव्या उत्साहाने फसवतो.

भेंडीच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण परभणी क्रांतीची प्रतिकारशक्तीही कायम टिकली नाही. विषाणू बदलत राहतो, आणि वर्षे गेली तसा हळद्या या वाणावरही दिसू लागला. पुसा सावनीचे झाले तेच. हा कोणाचा पराभव नव्हे. पण त्यानंतर नव्याने काम करू पाहणाऱ्याला आधीच्यांनी काय टाकले आणि काय राखले हे कळले नाही, तर त्याला पुन्हा पहिल्या कळीपासून सुरुवात करावी लागते. असाच विश्वास दोन संस्थांतही लागतो. याच विद्यापीठाचा ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये आला. नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त असलेला हा देशातला पहिला ज्वारीचा वाण. तो पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर मिळून झाला. दोन राज्यांतल्या दोन संस्थांनी एकमेकांचे बी, एकमेकांची आकडेवारी विश्वासाने वापरली म्हणून ते जमले. दुसऱ्याने पाठवलेल्या पाकिटावरचा क्रमांक खरा आहे, हे गृहीत धरता आले नाही तर असे काम एक हंगामही पुढे सरकत नाही.

महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५चा कायदा आहे. त्यानुसार एका जागेवरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, आणि बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत. मुलांच्या शाळांच्या दृष्टीने हा काळ सोयीचा आहे, यात वाद नाही. पण परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे कृषी विभागापासून बँकेपर्यंत सगळ्यांचा जीव सोयाबीन, कापूस आणि तुरीत अडकलेला असतो, तिथे मे अखेरीस जुना माणूस जातो आणि नवा माणूस मृगाच्या तोंडावर येतो. त्याला गावांची नावेही पाठ नसतात आणि बांधावर बियाण्याच्या तक्रारी उभ्या असतात.

यावर मोठे धोरण आखायची गरज मला दिसत नाही. जुन्या आणि नव्या माणसाने दोन-तीन दिवस एकत्र काढावेत, शिवारात फिरावे, ज्या चार शेतकऱ्यांकडे प्रयोग चालू आहेत त्यांच्या ओट्यावर दोघांनी मिळून चहा घ्यावा. फसलेल्या कामांची दोन पाने जुन्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावीत आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. अडचण एवढीच की त्या दोन-तीन दिवसांत एका पदावर दोन माणसे दिसतात, आणि लेखापरीक्षण करणारा त्यावर बोट ठेवील या भीतीने कोणताही कार्यालयप्रमुख आपण होऊन हे करायला धजत नाही. आक्षेप निघालाच तर त्याला उत्तर देता येईल इतका खर्च किरकोळ आहे; फसलेल्या एका हंगामाची किंमत त्याहून कितीतरी जास्त पडते, फक्त ती कोणत्याही लेखाशीर्षात दिसत नाही.